आधी ऑपरेशन, मग भांडण

वडिलांची बायपास नव्वदच्या दशकातली. मेडिक्लेम १९८६ साली निघाला, तेव्हा विकायला चारच कंपन्या होत्या: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. चारही सरकारी. त्यांतल्याच एकीची पॉलिसी आमच्याकडे होती. ऑपरेशन कधी करायचं ते सर्जननं ठरवलं, पैसे मामानं आणि पतपेढीनं दिले. कंपनी उगवली ती टाके निघाल्यावर. आईनं फाइल लावली: केमिस्टच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं शिक्क्याचं पत्र. कधी साहेब रजेवर, कधी एका पावतीवर तारीख नाही. पैसे आले ते कित्येक महिन्यांनी, तेही कापून. पण तोवर वडील सकाळी फिरायला जाऊ लागले होते. भांडण बिलाचं होतं.

२००० नंतर खासगी कंपन्या आल्या, मागोमाग दावे हाताळणारे मध्यस्थ, म्हणजे टीपीए, आणि कॅशलेस. उसनवारी टळली, हे छोटं सुख नव्हे. मात्र होकार आता ऑपरेशनच्या आधी लागतो. शेजारच्या काकूंचा गुडघा बदलायचा होता तेव्हा इन्शुरन्स डेस्कवरची मुलगी रोज तेच सांगे, ‘क्वेरी आलीय.’ दुखणं पॉलिसीच्या आधीपासूनचं तर नाही ना, म्हणून जुने एक्स-रे हवेत. ठरलेली तारीख गेली. कंपनीचा मालक कोण, त्याला नफा किती हवा, हे प्रश्न वडिलांच्या वेळी फाइलीपुरते होते. आता ते थिएटरच्या दाराशी आलेत.

आणि मालक बदललेत. परकी भागभांडवलाची मर्यादा आधी २६ टक्के, २०१५ मध्ये ४९, २०२१ मध्ये ७४. २०२३-२४ चा हिशेब पाहा: हप्त्याच्या दर शंभर रुपयांमागे सरकारी कंपन्यांचे दाव्यांत शंभराहून थोडे जास्तच गेले, नुसता आरोग्यविमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांचे साधारण पासष्ट. तुलना सरळ नाही, सरकारी कंपन्यांकडे कमी हप्त्याचे गटविमे भरपूर. तरी उरलेले पस्तीस एजंटाचं कमिशन, जाहिरात, कचेऱ्या आणि भागधारक यांच्यात वाटले जातात, हे काकूंना सांगायला हवं होतं.

सरकारी म्हणून सगळं सोज्वळ होतं असंही नाही. २०१० च्या जुलैत याच चौघींनी मुंबईतल्या बड्या रुग्णालयांतलं कॅशलेस एका झटक्यात बंद केलं. रुग्णालयं विमेवाल्यांना फुगवून बिलं लावतात, ही त्यांची तक्रार खरीही असेल. अडकले दाखल झालेले. उलट, मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जचा तीन तासांत, हा २०२४ चा नियम सगळ्यांनाच लागू आहे, मालक कुणीही असो.

मुळात आमच्या आठवणी पॉलिसीवाल्यांच्या. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला झडप बदलायची होती, तेव्हा केईएमची प्रतीक्षायादी आणि देवस्थानांच्या ट्रस्टांकडे अर्ज, एवढाच मार्ग होता. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. हप्ता सरकारचा, विमा कंपनीही सरकारी नॅशनल. पिवळ्या-केशरी कार्डावर खासगी रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया होऊ लागली. महात्मा फुल्यांचं नाव घेतलेली तीच योजना आता सगळ्या कुटुंबांसाठी आहे, पाच लाखांपर्यंत. तिथंही मंजुरी आधीच लागते. ती मिळाली तरी योजनेचे दर परवडत नाहीत म्हणून ‘बेड नाही’ असं ऐकावं लागतं, आणि तिथं विमा कंपनीचा मालक कोण याला काडीचाही अर्थ उरत नाही.