मंजुघोषा आणि मार्चअखेर

बँकेतल्या माणसाने कादंबरी वाचू नये, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. दिवसभर कर्जाचे अर्ज वाचल्यावर माणसाला आणखी कल्पनारम्य वाङ्मयाची गरज राहत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या उमरीतल्या वाचनालयात गेलो, तर ग्रंथपालांनी एक पुस्तक माझ्या हातात कोंबलं. म्हणाले, "साहेब, एवढी न्या. हिला कोणी हातच लावंना."

ती होती नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. सन १८६८. म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन पंधरा वर्षं झालेली. बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे हाल लोकांपुढे मांडले, त्यालाही अकरा वर्षं झालेली. आणि इकडे हे गृहस्थ राजपुत्र, राजकन्या, विरह आणि योगायोग यांत रमलेले! अर्थात ते एकटे नव्हते. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीच आली होती. अशा कादंबऱ्यांना अभ्यासक 'अद्भुतरम्य' म्हणतात.

मी पुस्तक उघडलं ते ऑडिटरच्या नजरेने. प्रेम पाहताक्षणी. पत्त्याचा पुरावा नाही, जामीनदार नाही, तारण नाही. आणि रक्कम मात्र संपूर्ण हृदय! असला व्यवहार माझ्या टेबलावर आला असता तर तीन शेरे मारून परत पाठवला असता. पानोपानी मी हसत होतो. हसता हसता घड्याळात दीड वाजला.

"लाइट बंद करा की ओ," अंधाऱ्या बाजूने आवाज आला. "काय वाचायलाव एवढं?"

"काही नाही, बँकेचं आहे," असं मी म्हणालो. थापही कशी, खात्याशी सुसंगत!

मला बोचली ती कादंबरी नव्हे, तिची प्रस्तावना. रिसबूड तिथे सरळ सांगतात की, आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात, लग्नाच्या रीतीत वगैरे, चमत्कार वाटावा असं काही घडतच नाही; तेच लिहिलं तर गोडी कुठून येणार? म्हणून हा अद्भुताचा खटाटोप. आता हा आरोप उमरीवर कुणी केला तर मी भांडेन. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी निजामी राज्यातली बँक लुटली ती याच गावात. रक्कम वीस लाखांच्या घरात! कुठल्याही राजपुत्राने खाली मान घालावी असा प्रसंग. पण बदलीवर इथे आल्यावर तो मला पहिल्यांदा कुणी सांगितला, तेव्हा माझ्या तोंडून प्रश्न निघाला, "एवढी रोकड मोजली कुणी?"

सांगणारा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, त्या पैशाचा हिशेबसुद्धा नंतर चोख दिला गेला. म्हणजे त्या माणसांनी धाडसही केलं आणि हिशेबही ठेवला. मी नुसता हिशेब ठेवला.

मुलगी पाहायला गेलो तेव्हाही पोहे संपवून मी एकच प्रश्न विचारला होता, "बी.कॉम.ला अकाउंट्सला किती मार्क होते?" मार्क चांगले होते. लग्न झालं.

पुढे चार दुपारी तीच 'मंजुघोषा' बायकोच्या उशाशी दिसली. वाचून झाल्यावर मी मुद्दामच विचारलं, "कशी आहे?" मनात म्हटलं, आता दोघं मिळून हसू.

"सगळं खोटंय," ती पदराला हात पुसत म्हणाली. "पण तिच्यासाठी कुणी तरी निघतंय तरी."

मी काहीच बोललो नाही. ती मार्चमध्ये आई आजारी म्हणून धर्माबादला गेली होती आणि रात्रीच्या गाडीने एकटी परतली होती. मार्चअखेर असल्यामुळे मी बँकेत होतो. मी रिक्षा पाठवली होती. भाडंही आगाऊ दिलं होतं. आजवर मला त्या व्यवस्थेचा अभिमान होता.

ऑगस्टमध्ये ती पुन्हा धर्माबादला गेली. परतायच्या रात्री मी कुणाला न सांगता उमरी स्टेशनावर जाऊन उभा राहिलो. गाडी दीड तास उशिरा. पाऊस, डास आणि मी. नायकाच्या विरहात डास कसे नसतात, हे मला तेव्हा जाणवलं. राजपुत्रांबद्दल थोडा आदरही वाटला. कसं का होईना, पण ते निघत होते.

गाडी आली. ती उतरली, तिने मला पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवीच खाली पडली. प्रेमाने नव्हे.

"काय झालं? पोरं बरी हायेत ना?" तिचा चेहरा पांढराफटक.

"बरी आहेत. तुला घ्यायला आलो."

"मला?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी उतरलं आहे का म्हणून. बराच वेळ काही बोलली नाही. मी पिशवी उचलली. फाटकाजवळ आल्यावर तिने हळूच विचारलं,

"प्लॅटफॉर्म तिकीट काढलाव का?"

काढलं होतं. वरच्या खिशात नीट घडी करून ठेवलं होतं.