चार वाजताची दिवेलागण

पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे. उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेन शहराशी पुण्याची जुनी मैत्री आहे, तिची ही खूण. चौकातून रोज जाणाऱ्यांना नावाशी काही देणंघेणं नसतं. पण नोकरीच्या निमित्ताने खऱ्या ब्रेमेनला पोचलेल्या पुणेकराला पहिल्याच हिवाळ्यात या दोन गावांमधलं अंतर अंगावर मोजून घ्यावं लागतं. पुणं साडेअठरा अक्षांशावर, ब्रेमेन त्रेपन्नवर. पुण्याचा वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. ब्रेमेनचा जेमतेम साडेसात तासांचा. २१ डिसेंबरला तिथे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजून दहा मिनिटं व्हायच्या आत मावळतो. म्हणजे कामावर जाणंही अंधारात आणि घरी येणंही.

आणि हे शहर सायकलचं. जमीन सपाट, मधून वेझर नदी, शहरातल्या साधारण चारातल्या एका फेरीला सायकल. मोटारींनी सायकलींच्या चालीने जायचं असा जर्मनीतला पहिला सायकल-रस्ता याच शहरात, १९८०च्या आसपास झाला. देशाच्या वाहतूक कायद्यात ही कल्पना यायला १९९७ उजाडलं. अशा गावात हिवाळा लागला म्हणून सायकल बाजूला ठेवायची, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. लोक दिवा तपासतात आणि निघतात.

काळोख हळूहळू येतो असं वाटतं, पण ब्रेमेनमध्ये तो एका रात्रीत येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. शनिवारी सहानंतर मावळलेला सूर्य रविवारी पाचच्या सुमारास मावळतो आणि सोमवारी संध्याकाळी कार्यालयांतून बाहेर पडणारी सगळी रहदारी एकदम अंधारात येते. मोटारवाल्यांचे डोळे अजून सप्टेंबरच्याच सवयीचे असतात. मुरलेला सायकलवाला या सोमवारी थोडा बिचकूनच चालवतो, आणि ते शहाणपणाचं आहे.

पुढे एक गंमत होते, ती कॅलेंडर पाहून कळत नाही. डिसेंबरच्या मध्यानंतर संध्याकाळ लांबायला लागते. सकाळ मात्र वर्ष संपेपर्यंत आणखी काळवंडत जाते. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांच्यामुळे त्या दिवसांत खरी मध्यान्ह रोज अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने उशिरा येते, आणि दिवसाचं दोन्हीकडचं माप तिच्यामागे सरकतं. ‘बावीस तारीख गेली, आता उजेड वाढणार’ अशा समजुतीत निघणाऱ्याला जानेवारीतल्या पहिल्या कामाच्या सकाळी डिसेंबरपेक्षाही जास्त काळोख भेटतो.

डायनॅमो म्हटलं की पन्नाशीपुढच्या मराठी माणसाला टायरला घासणारी ती छोटी बाटली आठवते. तिची घरघर, दिवा लावला की जड होणारं पायडल, आणि उतरून उभं राहिलं की विझणारा उजेड. पावसात टायर ओला झाला की बाटली घसरायची आणि नेमका गरजेच्या वेळी दिवा मिणमिणायचा. तरीही तो लागायचा, कारण पुण्यात दिव्याशिवाय रात्री सायकल चालवणं आणि डबल सीट जाणं या दोन्हींसाठी पोलीस अडवायचा. हे सगळं आपल्याकडे गोष्टींपुरतं उरलं. जर्मनीत मात्र डायनॅमो सक्तीचाच राहिला; सगळ्या सायकलींना बॅटरीचे दिवे कायद्याने मोकळे झाले ते २०१३ साली. सक्तीचा एक फायदा झाला. सगळ्यांना वापरावीच लागणारी वस्तू कारागिरांनी सुधारत नेली.

आता डायनॅमो पुढच्या चाकाच्या हबमध्ये असतो. घासायला काही नाही, घसरायला काही नाही, पावसाशी संबंध नाही. ६ व्होल्ट, ३ वॅट. एवढ्या विजेसाठी चालवणाऱ्याला पाचसहा वॅट खर्चावे लागतात. कामावर निघालेला माणूस शंभरेक वॅटच्या जोराने पायडल मारत असतो, त्याला हे जाणवतही नाही. सिग्नलला थांबलं तरी एका छोट्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर दिवे काही मिनिटं जळत राहतात. बॅटरीचा दिवा याहून प्रखर मिळतो, स्वस्तही मिळतो. पण तो चार्ज करायची आठवण ठेवावी लागते आणि थंडीत त्याची बॅटरी लवकर बसते. रोजच्या ये-जा करणाऱ्याने विसरता येण्याजोगा दिवा घेऊ नये, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. रविवारी हौसेने फिरणाऱ्यांनी काय करावं ते त्यांनी बघावं.

दिव्याच्या प्रखरतेपेक्षा त्याची मान महत्त्वाची. जर्मन नियमांत बसणाऱ्या पुढच्या दिव्याच्या झोताला वरच्या अंगाला सरळ कड असते; कडेखाली रस्ता उजळतो, कडेवर जवळपास काही नाही. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. दिवा लावायचं जुन्या नियमातलं माप अजूनही उपयोगी आहे: भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करायची आणि झोताचा मध्य दिव्याच्या उंचीच्या निम्म्यावर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. काम दोन मिनिटांचं असतं. न केलं, तर नदीकाठच्या अरुंद वाटेवर समोरून येणारी एखादी अनोळखी आजी ‘लिख्त!’, म्हणजे ‘दिवा!’, असं खेकसून जाते. दिवा विझलेला असला तरी हाच शब्द, डोळ्यांत जात असला तरी हाच. अर्थ ज्याने त्याने लावायचा. पोलिसाने बिनदिव्याचा पकडला तर दंड २० युरो. लुकलुकणारे दिवे सायकलवर लावायला तर बंदीच आहे.

इथपर्यंत सगळं स्वतःला रस्ता दिसण्याचं झालं. नवखा माणूस इथेच थांबतो, कारण अंधाराची भीती ही आपल्याला काही दिसत नाही याची भीती असते. शहरात मात्र रस्त्यावर खांब असतात, दुकानं उजळलेली असतात, रस्ता बऱ्यापैकी दिसतो. खरा प्रश्न समोरच्या मोटारवाल्याला काय दिसतं हा आहे. त्याहूनही, जे दिसलं ते सायकल आहे हे त्याला कधी कळतं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. २०१२ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रहदारीला बंद असलेल्या रस्त्यावर रात्री मोटारी चालवायला लावल्या आणि वाटेत सायकलवाला ओळखू आला की सांगायला सांगितलं. काळ्या कपड्यांतला सायकलवाला ओळखू आला तो अवघ्या २ टक्के वेळा. झगझगीत पिवळं जाकीट घातलं, तर १५ टक्के. प्रकाश परतवणारं जाकीट घातलं, तर ५०. आणि त्याच जाकिटाला घोट्यांवर आणि गुडघ्यांवर चकाकत्या पट्ट्यांची जोड दिली, तेव्हा ९०.

हे आकडे नीट वाचले तर सायकलच्या दुकानातली निम्मी खरेदी वाचते. झगझगीत पिवळा रंग मुळात दिवसाचा. सूर्यप्रकाशातले न दिसणारे अतिनील किरण शोषून तो ते दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ दुपारी डोळ्यांत भरतो. रात्री दिव्यांच्या उजेडात ते किरणच नसतात, त्यामुळे तोच कपडा फिका मळकट दिसतो. चकाकती पट्टी याच्या उलट. तिच्यातले काचेचे बारीक मणी आलेला प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. मोटारीचे दिवे तिच्यावर पडले तर मोटारवाल्याला ती पेटल्यासारखी दिसते, फुटपाथवरच्या माणसाला मात्र काहीच विशेष दिसत नाही. म्हणूनच आडव्या रस्त्यावरून, काटकोनातून येणाऱ्या मोटारीसाठी ती कुचकामी. तिचे दिवे आपल्यावर पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तिथे स्वतःचा दिवाच हवा.

पण पन्नासावरून नव्वदावर नेलं ते घोट्यांनी. १९७३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गुन्नार योहान्सन यांनी माणसांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून त्यांना अंधारात चालायला लावलं. माणूस स्थिर उभा असताना बघणाऱ्यांना नुसते विखुरलेले ठिपके दिसले. तो चालायला लागताच क्षणात ‘माणूस!’ हे कळलं. आपला मेंदू माणसाच्या हालचालीची लय ओळखण्यात वाकबगार आहे. सायकलवाल्याची छाती हलत नाही, तिच्यावरची पट्टी एखाद्या रस्त्यावरच्या फलकाचीही असू शकते. वर-खाली होणारे दोन ठिपके मात्र दुसऱ्या कशाचेच नसतात. जर्मनीत प्रत्येक पायडलला पुढून-मागून पिवळे परावर्तक सक्तीचे आहेत, हा नियम कोणी केला त्याचे पाय धरावेत. लोक हौसेने महागडी पायडलं लावतात आणि नेमके हेच तुकडे घालवून बसतात.

डेन्मार्कमध्ये याची मोजणी खऱ्या रस्त्यांवर झाली. ओडेन्समध्ये चाकाच्या आऱ्यांवर चुंबक बसवून सायकल चालते तोवर दिवसाही जळणारे दिवे काही हजार सायकलवाल्यांपैकी निम्म्यांना दिले. त्यांना इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी झाले. ऑलबोर्ग विद्यापीठाने पिवळ्या जाकिटांचा असाच प्रयोग केला, तेव्हा दुसऱ्या कोणाशी धडकून होणारे इजेचे अपघात सुमारे ३८ टक्क्यांनी कमी निघाले. वर पिवळ्या रंगाला नावं ठेवली त्याचं काय, असं कोणी विचारेल. ही जाकिटं लोक दिवसाउजेडीही वापरत होते आणि त्यांवर चकाकत्या पट्ट्याही होत्या.

नोव्हेंबरचा ब्रेमेनचा रस्ता हे वेगळंच प्रकरण. वर्षाचा पाऊस दोन्ही गावांत सारखाच, सुमारे सातशे मिलिमीटर. पुण्यात तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. ब्रेमेनमध्ये बाराही महिने झिमझिमत राहतो. त्यात झाडांची पानं गळलेली. ओल्या पानांच्या थराखाली खड्डा आहे की कडा, ते दिव्यातही कळत नाही आणि थर स्वतःच साबणासारखा निसरडा. वळणावर तिथे ब्रेक लावायचा नाही, हँडल झुकवायचं नाही; वेग आधीच कमी करून सरळ जायचं. ट्रामचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडायचे. तिरकं गेलं की पुढचं चाक खोबणीत जातं आणि पुढचं सगळं फार झटकन होतं. रूळ ओले असतील तर काटकोनातही पायडल न मारता, हलक्या हाताने.

थंडी वाढली की पुलांवर लक्ष ठेवावं लागतं. इतर रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते; पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. म्हणून वेझरवरच्या पुलांवर बर्फाचा पातळ, न दिसणारा पापुद्रा आधी धरतो. मोटारींना खिळे लावलेले टायर जर्मनीत चालत नाहीत, सायकलींना चालतात. बारीक पोलादी खिळ्यांचे हे टायर डांबरावर करकरतात, जड चालतात, पण बर्फावर भरवशाचे. ब्रेमेनसारख्या गावात त्यांची गरज हिवाळ्यातले थोडेच दिवस पडते, त्यामुळे बरेच जण त्या दिवशी ट्रामने जातात. त्यात कमीपणा काही नाही. फिनलंडमधलं ओउलू हे पासष्ट अंशांवरचं गाव. २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली परिषद तिथे भरली. तिथे तर सायकलमार्गावरचं बर्फ दाबून टणक करतात आणि शाळकरी मुलं त्यावरून शाळेत जातात. शौर्याचा प्रश्न नाही. पहाटे यंत्र फिरतं की नाही, एवढाच.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दारातून बाहेर पडताना थोडं काकडायला झालं तर कपडे बरोबर आहेत. उबदार वाटलं तर दहा मिनिटांत घाम येणार आणि कार्यालयात तो अंगावर गार होणार. पैसे हातमोज्यांवर घालवावेत. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो.

ब्रेमेनमध्ये दोन-चार हिवाळे काढून पुण्याला परतलेल्याला इथले ‘अंधारे महिने’ हास्यास्पद वाटतात. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो, एवढंच. पण इथे अंधाराची जागा चकाकीने घेतली आहे. समोरून येणारा अप्पर लावूनच येतो, डिप्पर मारण्याची पद्धत मागे पडली आणि त्या झोतात बिनदिव्याची काळी सायकल नाहीशी होते. तीवर बसलेला असतो रात्रपाळीचा रखवालदार, बांधकामावरून परतणारा मिस्त्री, पहाटेचा पेपरवाला. सायकलच्या चळवळीत यांची नावं कधी येत नाहीत आणि अंधारात सायकल सगळ्यात जास्त हेच चालवतात.

त्यांच्या उपयोगाची वस्तू मात्र महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. दर वर्षी गाळप हंगाम सुरू झाला की ऊस भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या बिनदिव्याच्या रस्त्यांवर येतात, मागून आदळून माणसं मरतात, आणि म्हणून साखर कारखाने, पोलीस, आरटीओ या गाड्यांना चकाकत्या पट्ट्या चिकटवण्याची मोहीम काढतात. तीच पट्टी वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मीटरवर मिळते. तिचे बोटभर तुकडे पायडलच्या दोन्ही कडांना आणि क्रँकच्या मागच्या बाजूला लावले की हलते ठिपके तयार होतात. हब डायनॅमो लागत नाही, आयात करावं लागत नाही. लावण्याआधी पायडल थिनरच्या फडक्याने पुसून कोरडं करून घ्यावं लागतं. वंगणाचा ओशटपणा राहिला तर पट्टी आठवड्यात सुटून येते. रबरी पायडलवर ती मुळीच टिकत नाही. तिथे ती क्रँकवर किंवा चपलेच्या टाचेवरच लावावी.