खाडीच्या चिखलाची साक्ष

मानखुर्दहून वाशीकडे जाणारी आगगाडी ठाण्याच्या खाडीवरील पुलावर आली, कीं बहुतेक प्रवाशांची नजर सहज खिडकीबाहेर वळते. भरतीची वेळ असेल तर दूरवर करडें पाणी पसरलेलें दिसतें. ओहोटी असेल तर तिवरांच्या हिरव्या पट्टीखालीं काळसर चिखलाचें मैदान उघडें पडलेलें असतें. पाणी पाहून प्रवाशास बरें वाटतें; चिखलाचा दर्प आला, कीं तो नाकास रुमाल लावतो. परंतु ह्या परिसरांतील सर्वांत दाट वस्ती पैलतीरावरच्या उंच इमारतींत नाहीं, ती ह्या चिखलांत आहे, हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं.

पैलतीरावरचें नगर तसें अलीकडचें. १९७० सालीं सिडको हें महामंडळ स्थापन झालें आणि ९५ गांवांच्या सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमीवर नवी मुंबई वसविण्याचें काम त्याच्याकडे आलें. त्यापूर्वीं येथें भातशेती, मिठागरें आणि आगरी-कोळ्यांचीं गांवें होतीं. १९९२ सालीं लोहमार्ग वाशीस पोंचला; आतां वाशी, नेरूळ, बेलापूर हीं नांवें मुंबईकरांच्या तोंडीं दादर-ठाण्याइतकींच रुळलीं आहेत. शहराच्या ह्या गर्दींतहि खाडीनें आपला पाहुणचार सोडलेला नाहीं. दर हिवाळ्यांत सहस्रावधि रोहित पक्षी येथें उतरतात. ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यानचा भाग २०१५ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं रामसर करारान्वयें ठाण्याच्या खाडीस आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला.

रोहित पाहण्यास मंडळी दुर्बिणी घेऊन जातात. पण ह्या पाहुण्यांस जेवूं कोण घालतें? लहान जातीचा रोहित मुख्यत्वें सूक्ष्म नीलहरित जीव व डायटम नांवाचीं सूक्ष्म शेवाळें चोंचीनें गाळून खातो. म्हणजे ह्या गुलाबी वैभवाचें स्वयंपाकघर त्या चिखलांतच आहे. चिखलाच्या अगदीं वरच्या, कांहीं मिलिमीटर जाडीच्या थरांतच प्राणवायु असतो. त्याखालीं प्राणवायूवांचून जगणाऱ्या जीवांचें राज्य सुरू होतें. त्यांपैकीं कांहीं जिवाणु समुद्राच्या पाण्यांतील सल्फेटावर श्वसन करितात. त्यांतून निघणाऱ्या वायूमुळें कुजलेल्या अंड्यासारखा दर्प येतो, आणि त्याच वायूचा लोहाशीं संयोग होऊन चिखलास काळा रंग चढतो. गळालेलीं पानें, मेलेले मासे आणि शहराचें सांडपाणी ह्यांची विल्हेवाट लावणारे हेच अदृश्य कामकरी होत.

ह्यांची शिरगणती करावयाची कशी, हा प्रश्न फार दिवस सुटत नव्हता. प्रयोगशाळेंतील बशींत अन्न घालून जे जंतु वाढतात ते मोजावे, ही जुनी रीत. परंतु मातींतील व चिखलांतील बहुतेक जीव अशा परक्या ताटावर वाढतच नाहींत. १९७७ सालीं कार्ल वोज ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यासह निराळी वाट दाखविली. प्रत्येक जीवाच्या पेशींत प्रथिनें घडविणारें राइबोसोम नांवाचें यंत्र असतें; त्याच्या एका भागाची रासायनिक अक्षरें ताडून पाहिलीं, तर जीवांचें परस्परांशीं नातें कळतें. आज चिमूटभर चिखलांतील सगळा डी.एन.ए. वेगळा काढून, जिवाणूंच्या त्या भागाच्या जनुकाचें वाचन करितात. आपल्याकडे तीर्थक्षेत्रींचे उपाध्ये वही उघडून घराण्यांचीं नांवें वाचून दाखवितात, तसाच हा प्रकार. कोण राहतें, कोणाचा भरणा किती, ह्याचा अंदाज त्यावरून बांधतां येतो.

मात्र वही वाटेंतच भिजली किंवा कोणीं तींत खाडाखोड केली, तर उपाध्ये काय वाचणार? ह्या विद्येंतील खरी अडचण प्रयोगशाळेंत नसते. ती चिखलाच्या कांठापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर असते. कुपींत भरलेला चिखल हा दगडाच्या तुकड्यासारखा निर्जीव पदार्थ नव्हे. सकाळीं काढलेलें दूध दुपारपर्यंत उन्हांत ठेवून संध्याकाळीं तपासलें, तर संध्याकाळच्या दुधाचीच परीक्षा होते, हें कोणतीहि गृहिणी सांगेल. चिखलाचेंहि तसेंच आहे. वारा लागतांच प्राणवायूस न सोसणारे जीव मरूं लागतात. दुसरे, ज्यांचें बाहेर कांहीं चालत नव्हतें, ते कुपीच्या उबेंत झपाट्यानें वाढतात. मेलेल्या पेशी फुटल्या, कीं त्यांतून डी.एन.ए.चे तुकडे करणारीं विकरें मोकळीं होतात आणि वहीचीं पानें फाटूं लागतात. अशा कुपीचें वाचन बिनचूक झालें, तरी तें खाडीचें वर्णन होत नाहीं. कुपींत मागाहून जें घडलें त्याचें तें वर्णन होतें.

नमुना जागच्याजागीं बदलतो ह्याचें डोळ्यांस दिसणारें उदाहरण महाराष्ट्रानें २०२० सालीं पाहिलें. त्या जूनमध्यें लोणारच्या सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, आणि त्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत तपासण्यांत आले. रंग मिठांत रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता; पाणी स्थिर राहिल्यावर ते जीव तळाशीं बसले आणि वरचें पाणी निवळलें. केवळ वरवरचें पाणी घेऊन कोणी परीक्षा केली असती, तर ज्यांच्यामुळें एवढा गाजावाजा झाला तेच त्याच्या हातून निसटले असते.

तेव्हां उपाय काय? पहिला उपाय थंडीचा. उणे ८० अंशांवर जीवांचे व विकरांचे सगळे व्यापार जवळजवळ थांबतात. ह्यासाठीं द्रवरूप नायट्रोजन किंवा कर्बवायूचा शुष्क बर्फ वापरतात. पण तिवरांच्या मुळ्यांतून गुडघाभर चिखल तुडवितांना हीं साधनें बरोबर नेणें सोपें नसतें. साध्या बर्फाची पेटी वेग मंद करिते, थांबवीत नाहीं. म्हणून तिच्या भरंवशावर नमुना फार काळ ठेवतां येत नाहीं. शिवाय एकदां गोठविलेला नमुना वितळवून पुनः गोठविला, तर बर्फाच्या स्फटिकांनीं नाजूक पेशी फुटतात. म्हणून नमुना आधींच लहान लहान कुप्यांत वाटून ठेवावा, म्हणजे लागेल तेवढीच कुपी बाहेर काढतां येते.

दुसरा उपाय रसायनांचा, आणि तो आपल्या घरास अधिक ओळखीचा आहे. कैरीच्या लोणच्यास आपण मीठ भरपूर घालतों, कारण मिठाच्या तीव्र द्रावणांत कुजविणाऱ्या जंतूंचें चालत नाहीं. सुकी मासळी टिकविणाऱ्या कोळ्यांसहि हीच विद्या अवगत आहे. नमुन्यांसाठीं वापरण्यांत येणाऱ्या एका द्रवांतहि मीठ मावेल तितकें विरघळविलेलें असतें. त्यांत आणखी दोन पदार्थ असतात: एक पेशींच्या आवरणांतून आंत शिरणारा, आणि दुसरा, ज्या धातुकणांवांचून डी.एन.ए. तोडणारीं विकरें पंगु होतात ते कण पकडून ठेवणारा. ह्या द्रवांत बुडविलेला नमुना बर्फावांचूनहि दीर्घकाळ वाचण्याजोगा राहूं शकतो. तीव्र अल्कोहोलचाहि असाच उपयोग होतो. मात्र चिखल स्वतःच ओला असल्यामुळें अल्कोहोल त्याच्या कित्येक पट घ्यावें लागतें, नाहींतर तें पातळ होऊन निरुपयोगी ठरतें. ज्या तीरावर एके काळीं मिठागरें पिकत, त्याच तीरावरच्या चिखलाची स्मृति मिठानें राखावी, हा योगायोग मोठा मनोरम आहे.

तथापि कोणतीहि पद्धति सर्वस्वीं निःपक्षपाती नाहीं. जाड कवचाचे जिवाणु एका उपायानें चांगले टिकतात, तर मऊ कवचाचे दुसऱ्यानें. म्हणून वाशीचा नमुना बर्फांत आणि ऐरोलीचा मिठाच्या द्रवांत ठेवून दोहोंची तुलना करणें अन्यायाचें होईल. बारीकसारीक गोष्टींनाहि येथें फार किंमत आहे. हातमोजे घालावे, नाहींतर आपल्याच त्वचेवरचे जंतु खाडीचे रहिवासी म्हणून नोंदले जातील. एक कुपी चिखल न घालतां तशीच न्यावी, म्हणजे बाहेरून काय शिरलें तें समजतें. चिठ्ठीवर स्थळ, दिनांक, भरती-ओहोटीची वेळ, खोली आणि पाण्याचा खारेपणा शिसपेन्सिलीनें लिहावा. शाई अल्कोहोलनें धुऊन जाते, आणि नांवगांव नसलेली कुपी म्हणजे केवळ चिखल.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. नव्या मुंबईचा आराखडा कागदावर उतरला तेव्हां चिखलांतील डी.एन.ए. वाचण्याची विद्या अवतरावयाची होती. नमुना त्यासाठीं राखून ठेवावा हें कोणाच्या मनांत येणेंच शक्य नव्हतें. भराव घालण्यापूर्वीं त्या चिखलांत कोण नांदत होतें, ह्याचा जबाब आतां कोणाकडूनहि घेतां येणार नाहीं. आजच्या पिढीस मात्र ती सबब उरलेली नाहीं. शहर अद्याप वाढत आहे: २०२४ सालीं शिवडीहून खाडी ओलांडणारा अटल सेतु खुला झाला, २०२५ सालीं विमानतळाचें उद्घाटन झालें. अमुक पाणथळ जिवंत आहे कीं मेली, सांडपाण्यानें ती किती बिघडली, तिचें रक्षण करावें कीं ती बुजवूं द्यावी, असे वाद येथें पुढेंहि होत राहतील. त्या वादांत हा चिखल मूक साक्षीदार आहे. त्याची साक्ष बिघडली, तर निकालहि बिघडेल. आणि बुजलेली खाडी पुनः उकरून दुसरी साक्ष काढतां येत नाहीं. म्हणून भर उन्हांत चिखलांत उभें राहून, कुपीचें झांकण घट्ट लावून, पेन्सिलीनें चिठ्ठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचें काम क्षुल्लक समजूं नये. पुढल्या पिढ्यांस ही खाडी जशी होती तशी कळावी कीं नाहीं, हें त्याच्या त्या दोन मिनिटांच्या दक्षतेवर अवलंबून असतें.