लाइन एकट्याची नसते

नव्या फॅक्स मशीनच्या खोक्यात सूचनांचा एक पातळ कागद असायचा. वॉरंटी कार्ड ड्रॉवरमध्ये जाई आणि हा कागद थर्माकोलसोबत कचऱ्यात. वीज कडाडत असताना टेलिफोनची वायरिंग करू नका, ओल्या जागी सॉकेट बसवू नका, उघड्या तारेला हात लावू नका. वाचताना वाटे, हे काय सांगायला हवं? पण ऑफिसांमधून फॅक्स जोडण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि त्या कागदातली एकही ओळ उगाच नाही हे पटत गेलं.

टेलिफोनच्या तारेत करंट नसतो, असा बहुतेकांचा समज. खरं तर एक्स्चेंजकडून त्या दोन तारांवर ४८ व्होल्ट डीसी कायम येत असतो. कोरड्या हाताला तो सहसा जाणवत नाही. घंटी वाजताना मात्र त्याच तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा एसी चढतो. दातांनी तार सोलणाऱ्याला नेमका तेव्हाच कुणी फोन केला, की समज कायमचा दूर होतो. म्हणून आधी बाहेरून येणारी जोडी सुटी करायची, मगच रोझेटच्या, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीच्या, स्क्रूला हात. जोडणी झाली की मीटर लावायचा. रिसीव्हर खाली असताना आकडा ४८च्या आसपास हवा. तो उगाच ढासळलेला दिसला, तर बहुधा कुठेतरी ओल शिरलेली असते. अशा वेळी मशीन उघडून बसण्यात अर्थ नसतो.

मशीन जोडण्याचा एक क्रम आहे आणि तो मी कधी मोडत नाही. आधी तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये, नंतर टेलिफोनची कॉर्ड. काढताना उलट: आधी कॉर्ड, मग प्लग. लाइन जोडलेली असेपर्यंत मशीनला जमिनीचा आधार असावा, एवढंच त्यामागचं कारण. दोन पिनांच्या सॉकेटात बसावी म्हणून तिसरी पिन कापून टाकणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले. तसंच वळवाच्या दिवसांत. संध्याकाळी शिपाई इमानाने विजेचा प्लग काढतो, टेलिफोनची कॉर्ड मात्र तशीच राहते. खांबावरून आलेली ड्रॉप वायर विजेचा तडाखा थेट आत आणते आणि सकाळी मशीनला लाइनशी जोडणारा एनसीयू बोर्ड काळाठिक्कर.

हे झालं बाहेरून आत येणाऱ्या धोक्याचं. आतून बाहेर जाणाऱ्या धोक्याचा विचार सहसा कुणी करत नाही. फॅक्सला एका बाजूने २३० व्होल्ट जोडलेले असतात, दुसऱ्या बाजूने टेलिफोनची जोडी. मधलं इन्सुलेशन कच्चं असेल तर मेनचा करंट तारेवरून रस्त्यावर निघतो, आणि तिकडे खांबाला शिडी लावून कुणीतरी लाइनमन डीपी, म्हणजे तारा वाटून देणारा डबा, उघडून उभा असतो. त्याला आपलं ऑफिस माहीत नसतं, आपलं स्वस्तातलं मशीन तर नाहीच नाही. टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटर, म्हणजे टीईसी, उपकरणं तपासून घ्यायला लावतं त्यामागे हाही विचार आहे. २०१७ मध्ये टेलिग्राफ नियमांत दुरुस्ती होऊन अशी तपासणी आणि प्रमाणपत्र सक्तीचं झालं. १ ऑक्टोबर २०१९पासून लागू झालेल्या पहिल्याच टप्प्यात जी-थ्री फॅक्स मशीन होतं. तोवर ऑफिसांतून फॅक्स उठत चालला होता, ही गोष्ट वेगळी.

ग्राहक म्हणायचे, “अहो, चालतंय ना? मग कशाला एवढं?” चालणं हा जोडणीचा पुरावा नव्हे. चुकीची जोडणीही वर्षानुवर्षं चालते, पाऊस येईपर्यंत किंवा कुणाचा हात लागेपर्यंत. फॅक्स गेला, तरी त्याच तांब्याच्या तारेवर कुठे मोडेम आहे, कुठे अलार्म. तुमच्याकडे असं काही असेल तर या पावसाळ्याआधी अर्थिंग तपासून घ्या आणि गडगडाट सुरू होण्याआधीच दोन्ही वायरी काढा, टेलिफोनची आधी.