कोरा कागद

सुपरवायझरांना कामगार कायदा शिकवायला गेलो की मी पुस्तक उघडत नाही. भोसरी, चाकण, रांजणगाव, कुठेही असो. कँटीनच्या वरची खोली, वीसेक माणसं, आणि प्रत्येकासमोर एक कोरा कागद. मग प्रसंग सांगतो. रात्रपाळीत एका ऑपरेटरने चालू प्रेस सोडला. तुम्ही विचारायला गेलात, त्याने आवाज चढवला. अहवाल लिहा.

बहुतेक कागदांवर एकच वाक्य उमटतं: ‘सदर कामगाराने उद्धट वर्तन केले.’

मी विचारतो, तो नेमकं काय म्हणाला? किती वाजता? कुणी ऐकलं? प्रेस का सोडला, हे त्याला विचारलंत का? ‘उद्धट’ हा तुमचा निष्कर्ष झाला. आरोपपत्राला लागते ती घटना. ती नीट लिहिली नाही, तर कामगाराला उत्तर देता येत नाही आणि चौकशी अधिकाऱ्याला निवाडा करता येत नाही.

मग तेच कागद पुन्हा लिहिले जातात. मागे एकाने लिहिलं: ‘2.40 वाजता प्रेस क्रमांक 4 बंद दिसला. कुठे गेला होतास, असं विचारल्यावर तो मोठ्याने म्हणाला, पाणी प्यायलाही विचारायचं का? शेजारच्या प्रेसवरचे दोघे हजर होते.’ एवढं लिहून तो थांबला आणि म्हणाला, “सर, त्या रात्री लाईनवर रिलीव्हरच नाही असं धरलं, तर चूक कुणाची?” हा प्रश्न त्याला पडावा, यासाठीच मी कोरा कागद देतो.

हा धडा मला एका कामगाराच्या सहा वर्षांनी शिकवला. तेव्हा मी एका कारखान्यात कार्मिक अधिकारी होतो. रागाच्या भरात फोरमन एका कामगाराला म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस.” दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला अडवलं. शिक्षा म्हणून काढायचं तर आरोपपत्र आणि चौकशी हवी होती. कपात म्हणून काढायचं, तर वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला औद्योगिक विवाद कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई देणं भाग होतं. यातलं काहीच झालं नव्हतं. सहा वर्षांनी कामगार न्यायालयाने त्याला मागच्या पगारासह परत घ्यायला लावलं. तोवर त्याच्या मुलीची शाळा सुटली होती. फोरमन मला म्हणाला, “मला हे कुणी सांगितलंच नाही.” ते खरं होतं. त्याला नव्या मशीनचं प्रशिक्षण तीनदा मिळालं होतं, माणसाशी कसं वागावं याचं एकदाही नाही.

आपल्या राज्याच्या 1971 च्या ‘एमआरटीयू-पल्प’ कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकांच्या अनुचित प्रथांची यादी आहे: सूडबुद्धीने काढणं, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा घाईघाईने चौकशी उरकणं, किरकोळ चुकीला भलतीच मोठी शिक्षा देणं. ही यादी मी वर्गात वाचून दाखवतो आणि विचारतो, यातलं काय तुमच्या शॉपवर घडू शकतं? संसदेने 29 केंद्रीय कायदे चार संहितांत गोळा केले, कलमांचे आकडे बदलले. आकडे एचआरने सांभाळावेत. आधी ऐकून घ्यायचं ही सवय मात्र सुपरवायझरच्याच अंगी असायला हवी.

सगळ्यात अवघड तास लैंगिक छळाच्या तक्रारीचा. त्यासाठी मी दोघांना समोरासमोर बसवतो. एकजण कामगार स्त्रीच्या जागी बसून सांगतो, “सर, तो मला त्रास देतो.” समोरचा भला माणूस लगेच म्हणतो, “काळजी करू नकोस, मी समजावतो त्याला.” इथे मी थांबवतो. विशाखा निकाल 1997 चा, कायदा 2013 चा, आणि तो सांगतो की समेटाचा प्रयत्न होईल तो फक्त तिच्या विनंतीवरून, तोही अंतर्गत समितीमार्फत. तुम्ही पूर्ण ऐका. समितीत कोण आहे ते सांगा. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते आणि लिहायला अडचण असेल तर समितीने मदत करायची असते, हेही सांगा. आणि चहाच्या टपरीवर एक शब्दही काढू नका. ही चार वाक्यं प्रत्येकाच्या तोंडी बसेपर्यंत आम्ही तो प्रसंग पुन्हा पुन्हा करतो.

तीन महिन्यांनी मी परत जातो आणि सुपरवायझरांच्या डायऱ्या पाहतो. गेल्या खेपेला एका पानावर वाचलं: ‘तीन दिवस बिनपरवानगी गैरहजर. विचारले. आई दवाखान्यात आहे म्हणाला. कागद पाहिले. रजेचा अर्ज भरून घेतला.’ खाली तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या होत्या. त्या गैरहजेरीची फाईल कधी उघडलीच गेली नाही. ते पान मी दोनदा वाचलं.