लुटुपुटीचे यान

आमची नात अमेरिकेत असते, वय पंधरा. यंदा सुट्टीत ती अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या ‘स्पेस कँप’ला गेली. तिथे १९८२ पासून मुलांना अंतराळवीरांसारखे तालमीत घेतात. चहूबाजूंनी गरगरणाऱ्या खुर्चीत बसवतात. दुसरीत वजन चंद्रावरच्यासारखे सहावा हिस्सा भासते. (आमच्या शाळेत फार तर मल्लखांब!) शेवटी सगळी मिळून यानाची खोटी सफर करतात.

मला वाटले, पोरगी यानात बसणार. तिच्या वाट्याला आली जमिनीवरच्या नियंत्रणकक्षातली खुर्ची. मी जरा खट्टूच झालो.

सकाळी तिचा फोन आला, तिकडे रात्र. आवाज रडवेला.

“आजोबा, यानातला हवेचा दाब उतरत होता. बिघाड मुद्दामच घालतात. मला आकडा दिसला, पण चुकेन म्हणून बोललेच नाही.”

“अगं, यान लुटुपुटीचे!”

“पण गप्प बसले ती मी खरीच ना?”

चाळीस वर्षांच्या खर्डेघाशीत असे किती आकडे मला दिसले नि मी मान खाली घातली, ते हिला कसे सांगावे?

“मग उद्या?” मी विचारले.

“तीच खुर्ची पुन्हा मागितलीय. ठेवते हं, उजळणी राहिलीय.”