मुळशीचा भूगोल आणि कॅलिफोर्नियातला गृहपाठ

पोस्ट मोठी आहे. पण मुळशी तालुक्यात राहत असाल, हिंजवडीत नोकरी करत असाल किंवा पावसाळ्यात ताम्हिणीला भजी खायला येत असाल, तर शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहतो. "तात्या, हिला तुमच्याशी बोलायचंय, शाळेचं काम आहे." त्याची मुलगी चौथीत आहे. तिथे चौथीला मुलं आपल्या राज्याचा इतिहास-भूगोल शिकतात. पोरीला लिहायचं होतं की आपल्या राज्यात पाणी कुठून येतं, आणि त्याची तुलना दुसऱ्या एखाद्या जागेशी करायची होती. "आजोबा, बाबा म्हणतो तुमच्याकडे पण मोठा डॅम आहे. तिथे आधी काय होतं?"

मी एकतीस वर्षं याच तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवलं. तिसरीच्या मुलांना जिल्ह्याचा भूगोल शिकवला. फळ्यावर लिहायचो: मुळशी धरण, नदी मुळा, उपयोग वीजनिर्मिती. मुलं उतरवून घ्यायची आणि आम्ही पुढच्या धरणाकडे वळायचो. 'तिथे आधी काय होतं' हा प्रश्न फळ्यावर कधी आलाच नाही.

पोरीला म्हटलं, आधी तुझ्या राज्याचं सांग, मग माझं सांगतो. तिने सांगितलं त्यातलं निम्मं मला नवीन होतं. फोन ठेवल्यावर दोन-तीन दिवस मी तेच वाचत बसलो.

कॅलिफोर्निया आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. १८४८ मध्ये तिथे सोनं सापडलं, जगभरातून माणसं धावली आणि १८५० मध्ये ते अमेरिकेचं एकतिसावं राज्य झालं. आपल्याला ओळखीची वाटेल अशी गोष्ट पुढे आहे. पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, सिएरा नेवाडाच्या डोंगरांना अडतो आणि डोंगराच्या पूर्वेला कोरडं पडतं. सह्याद्रीचंच गणित. ताम्हिणीत छत्री टिकत नाही आणि त्याच जिल्ह्यात शिरूर-बारामतीकडे लोक आभाळाकडे बघत बसतात. तिथेही पाणी एकीकडे आणि शहरं दुसरीकडे. मग शहरांनी लांबचं पाणी आणायला सुरुवात केली.

सॅन फ्रान्सिस्कोने योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानातलं हेच हेची नावाचं खोरं मागितलं. जॉन म्यूर नावाच्या निसर्गप्रेमी लेखकाने जीव तोडून विरोध केला. १९१३ मध्ये कायदा झाला, १९२३ मध्ये धरण उभं राहिलं आणि खोरं बुडालं. त्या भागातल्या अनेक शहरांत आजही नळाला तेच पाणी येतं.

लॉस एंजेलिसची गोष्ट आणखी जवळची. ओवेन्स नावाचं खोरं शहरापासून साडेतीनशे किलोमीटरवर. १९०५ च्या सुमाराला शहराच्या वतीने माणसं तिथे गेली आणि गाजावाजा न करता शेतकऱ्यांकडून जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेऊ लागली. आधी एक विकतो, मग शेजारचा विकतो, मधला एकटा अडकतो आणि मिळेल त्या भावाला देतो. पिरंगुट-माण भागात ज्यांनी गेल्या तीस वर्षांत एजंट पाहिलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. १९१३ मध्ये कालवा सुरू झाला. खोऱ्याच्या तोंडाशी असलेलं मोठं तळं दहा-पंधरा वर्षांत कोरडं पडलं. त्या तळाची विषारी धूळ पुढे कित्येक दशकं उडत राहिली आणि ती बसवायला लॉस एंजेलिसला अब्जावधी डॉलर घालावे लागले.

शेतकरी गप्प बसले नाहीत. मे १९२४ मध्ये त्यांनी कालव्याला सुरुंग लावला. नोव्हेंबर १९२४ मध्ये सत्तरेक माणसांनी कालव्याची दारं ताब्यात घेतली आणि पाणी पुन्हा आपल्या खोऱ्यात सोडून दिलं. बायका-मुलं जेवण घेऊन आली, चार दिवस जत्रा भरली. पण शेवटी शहरच जिंकलं.

१९२४ हा आकडा वाचला आणि मी थांबलो. कारण त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या मुळशीत पांडुरंग महादेव बापट नावाच्या माणसाने धरणाच्या कामाची आगगाडी अडवली होती, रुळावर दगड रचून. सात वर्षांची शिक्षा झाली. पुण्या-मुंबईत ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज जातो, ते सेनापती बापट. 'सेनापती' ही पदवी त्यांना कुठल्या फौजेने दिली नाही, ती या मुळशीच्या लढ्यातून आली.

थोडक्यात सांगतो, कारण आपल्याच तालुक्यात अनेकांना माहीत नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटा कंपनीने निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. पन्नासेक गावं आणि अकरा हजारांच्या आसपास माणसं त्यात येत होती. खोरं भाताचं, आंबेमोहराचं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, हजार-बाराशे मावळे कामावर जाऊन बसले. बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहिलं. काम काही महिने थांबलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'.

मग फूट पडली. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. सावकाराला मोबदला चालत होता. कसणाऱ्याला जमीनच हवी होती, कारण कागदावर त्याचं नावच नव्हतं. माणसं तुरुंगात गेली, त्यात बायकाही होत्या. १९२४ नंतर लढा विझला. १९२७ पासून भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. धरणाविरुद्धचा जगातला हा पहिला संघटित लढा, असं अभ्यासक म्हणतात. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

आता भूगोलातली एक गंमत बघा. मुळेचं पाणी मुळात पूर्वेला जाणार. पुण्यात मुठेला भेटणार, पुढे भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. धरणाने ते वळवलं. बोगद्यातून सह्याद्रीच्या खाली भिऱ्याला पडतं, वीज होते आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला लोक राफ्टिंग करतात ते याच सोडलेल्या पाण्यावर.

म्हणून अधूनमधून मागणी येते: मुळशीचं पाणी समुद्राला घालवण्यापेक्षा पुण्याला द्या. पुणं वाढतंय, हिंजवडीत सोसायट्या टँकरवर जगतात, मागणी मला समजते. कुंडलिकेच्या काठचे लोक म्हणतील, शंभर वर्षं आम्ही या पाण्यावर उभे आहोत, त्यांचंही खरं आहे. वीज की पिण्याचं पाणी, यावर जाणकार बोलतात. पण या सगळ्या चर्चेत मुळशीच्या माणसाला कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. १९२१ मध्ये प्रश्न मुंबईचा होता, आज पुण्याचा आहे. आमचं खोरं दोन्ही वेळेला फक्त नकाशावरचा निळा ठिपका.

आणि खरं सांगू का, यात दोष आमचाही आहे. आम्हीच आमचं सांगितलं नाही.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात धरणं शिकवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, माझ्या पणजीचं गाव धरणात हाय. ते लिहू का?" मी म्हणालो, "ते परीक्षेत येत नाही बाळा. बस खाली." ती बसली. पुन्हा तिने कधी काही विचारलं नाही. त्या पणजीला गावाची वाट, देवळाचा पार, कुणाचं शेत कुठे, सगळं पाठ असणार. मी एकदा तिच्या घरी जाऊन बसलो असतो तर आज ते लिहिलेलं असतं. ती म्हातारी आता नाही.

कॅलिफोर्नियाची बाजू फार उजळ आहे असंही नाही. ओवेन्स खोऱ्यात गोऱ्या शेतकऱ्यांच्या आधी पाययूट लोक होते. त्यांनी स्वतःचे पाट काढले होते. १८६३ मध्ये सैन्याने त्यांना तिथून हाकललं. शेतकऱ्यांची लूट पुस्तकांत आणि सिनेमात आली, त्यांची फार उशिरा आली. पण निदान त्या पोरीच्या वहीत आज दोन्ही गोष्टी आहेत. तिने मला वाचून दाखवल्या.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी परवा फोनवर दिलं. "आधी तिथे गावं होती, भाताची खाचरं होती आणि माणसं लढली होती." तिने विचारलं, "गावांची नावं काय?" मला सात-आठच सांगता आली.

म्हणून हे लिहिलंय. पाण्याचा निर्णय काय व्हायचा तो होवो, पण त्या टेबलावर बसताना आपल्या हातात आपल्या गावांची यादी असू द्या. मुळशीकरांनो, घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर आजच शेजारी बसा. त्यांच्या आई-बापाकडून ऐकलेलं गावाचं नाव, देवाचं नाव, माळाचं नाव, जे आठवेल ते विचारा. फोनवर रेकॉर्ड करा किंवा खाली कमेंटमध्ये लिहा. मी वही घेऊन बसलोय. शाळा सुटली तरी अक्षर अजून बरं आहे.

आणि मागच्या बाकावरची ती मुलगी हे वाचत असेल, तर बाई, लिही. चुकलं माझं.